पाटा जतला, वरवंटा बर्मिंगहॅमला

आमच्या घरी भाकरीत दगडाची कच यायची. वडील पाथरवट. दिवसभर टाकी-हातोड्यानं दगड घडवायचे आणि त्यांच्या केसांतली, पापण्यांवरची करडी कच संध्याकाळी आमच्या ताटात पडायची. आई म्हणायची, "चावू नका, गिळा." आम्ही गिळायचो.

जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर शेत कुणालाच नव्हतं. वडील गावोगाव फिरून "पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ" असं ओरडत पुढं चालायचे. त्यांच्या मागं डोक्यावर नवा पाटा घेतलेली आई, आणि तिच्या मागं धाकट्या सुनीलला कडेवर घेतलेली मी. रात्री मुक्काम एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात. सकाळी पोरं यायच्या आत उठून निघायचं. त्यामुळं कितीतरी शाळा मी आधी झोपायला वापरल्या आणि मग कधीतरी एकीत शिकायला बसले.

पुढं घरोघर मिक्सर आले. वडिलांची हाक ऐकून दार उघडणारी माणसं कमी झाली आणि हाक मारायला लागणारा दमही कमी झाला. मी बी.ए. झाले तेव्हा आमच्या भावकीत बाईच काय, बाप्याही कुणी कॉलेजला गेला नव्हता. वडिलांना अक्षर येत नव्हतं. मी उंबऱ्याजवळच्या दगडावर खडूनं 'शैला बी.ए.' लिहून दिलं आणि त्यांनी ते टाकीनं कोरलं. त्या दगडावर आई अजून कुणाला पाय देऊ देत नाही. पोस्टमनसुद्धा उडी मारून येतो.

वडील गेले. मागं राहिलं काय, तर त्यांची हत्यारं आणि एक पाटा-वरवंटा. लग्न ठरल्यावर त्यांनी आईसाठी घडवलेला. आमच्याकडं बारशाला मुलाच्या आधी वरवंट्याला पाळण्यात घालतात. त्याला कुंची घालायची, पाळण्याच्या वरून-खालून एकीनं दुसरीकडं द्यायचा, मग मुलाची पाळी. माझ्या आधी तो पाळण्यात पडला होता, सुनीलच्याही आधी. म्हणून लहानपणी आम्ही त्याला 'थोरला' म्हणायचो.

सुनील नर्सिंग करून बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात लागला होता. वडिलांचं कार्य आटोपून तो परत गेला आणि त्याच दिवशी दुपारी चटणी वाटायला बसलेल्या आईला कळलं की पाट्यावर वरवंटा नाही. तो पोचल्यावर फोन लावला तर म्हणाला, "मी आणलाय. आबांचं काहीतरी मला नको का?" मी म्हणाले, "मागायचं होतंस." त्यानं फोन ठेवला. त्यानंतर तीन वर्षं आम्ही दोघं आईमार्फत बोललो. आईनं पाटा धुऊन भिंतीला उभा करून ठेवला. दुसरा वरवंटा आणते म्हटलं तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा विषय काढला नाही.

मग सुनीलनं तिकडंच लग्न केलं आणि त्याला मुलगी झाली. बारशाला आत्या लागते. आत्यानं कानात नाव सांगितल्याशिवाय मुलाला नाव लागत नाही, हे बर्मिंगहॅमलाही खरं. सुनीलचा निरोप आईकडं आला आणि तिनं मला सांगितला, "बोलवलंय. जायाचं. आन येताना माझा वरवंटा घिऊन यायाचा."

बर्मिंगहॅम

विमानातलं सांगण्यासारखं काही नाही. आई झोपली, मी जागी राहिले. उतरल्यावर मात्र पहिल्याच तासात आम्ही विमानतळ दणाणून सोडला. आई ज्या मोठ्या स्वच्छतागृहात गेली तिथं छतापासून लाल दोरी लोंबत होती. दिव्याची असेल म्हणून तिनं ओढली. ती मदतीची होती. भोंगा सुरू झाला, दोन माणसं पळत आली, आणि आतून आई ओरडतेय, "शैले, हितं दिवा लागंना, नुस्ता बोंबलतोय!" त्या माणसांनी तिला काही झालं नाही ना याची चारचारदा खात्री केली, पाणी दिलं, वर तेच सॉरी म्हणाले. आई मला म्हणाली, "चूक आपली, आन माफी त्येंची. बरी मानसं हायत."

सुनील घ्यायला आला होता. आईच्या पाया पडला. मग माझ्याही पडला, पण तोंडानं काही नाही. मीही नुसता डोक्यावर हात ठेवला. मोटरवेवर दोन्ही बाजूंना हिरवं. जतच्या माणसाला एवढं हिरवं बघून आधी संशय येतो. आई खिडकीला नाक लावून म्हणाली, "पिकवत्यात काय ह्यात?" सुनील म्हणाला, "काही नाही आई, मेंढ्या." "मग मेंढ्यांचं नशीब."

त्याचं घर वरच्या मजल्यावरचं, दोन खोल्यांचं. त्याची बायको प्राजक्ता पुण्याची, त्याच्याच हॉस्पिटलात नर्स, स्वभावानं मोकळी. "ताई, आधी हात धुवा मग बाळ घ्या," असं पहिल्याच मिनिटाला मला सांगितलं, म्हणून मला ती आवडली. बाळाला तीन महिने झाले होते. आमचा व्हिसा येईपर्यंत बारसं थांबवून ठेवलं होतं आणि तोवर सगळे तिला नुसतं बेबी म्हणत होते.

वरवंटा बैठकीच्या खिडकीत होता. एका बाजूला कुंडी, एका बाजूला तो. स्वच्छ पुसलेला. आईनं बाळाला घेतलं, मुके घेतले, परत दिलं आणि सरळ खिडकीकडं गेली. त्याच्यावरून हात फिरवला.

"वाळलाय," म्हणाली.

"दर रविवारी पुसतो आई मी," सुनील म्हणाला.

"पुसून काय हुतंय? त्येला मिरची लागती, मीठ लागतंय."

एवढंच. मागितला नाही. मीही नाही. पण त्या घरात कुठंही बसलं तरी तो दिसायचाच.

हनानबाई

आमच्या गावात शेजारीण दिवसातून चारदा येते. इथं दार वाजलं की आधी सगळे एकमेकांकडं बघतात. याला एकच अपवाद, खालच्या मजल्यावरच्या हनानबाई. इराकच्या. नवरा वारलेला, मुलगा दुसऱ्या शहरात. त्या खजूर घालून केलेली गोल बिस्किटं घेऊन आल्या. आईनं चाखून सांगितलं की सारण आपल्या पुरणपोळीच्या नात्यातलं आहे. त्यांनाही आमची शेंगदाण्याची चटणी दिली. प्राजक्तानं मिक्सरवर केलेली. आईनं आधीच मला कानात सांगितलं होतं, "ही चटणी न्हवं, ह्यो लेप." हनानबाईंनी मात्र बोटं चाटली.

त्या आईशी अरबी बोलत, आई त्यांच्याशी मराठी, आणि आम्हा इंग्रजीवाल्यांना मध्ये घ्यायची दोघींना फारशी गरज वाटत नव्हती. खिडकीतल्या वरवंट्याकडं बोट दाखवून त्या मला इंग्रजीत म्हणाल्या, "शनिवारी दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये आमचा एक सिनेमा आहे. दगडाचाच आहे. आईंना आणा. तुम्ही दोघंही या."

मी सिनेमाला फारशी जात नाही. त्यातून अरबी, त्यातून कलात्मक म्हटल्यावर नकोच वाटलं. पण आईनं थिएटर शेवटचं कधी बघितलं ते तिलाच आठवत नव्हतं. "जाऊ की," म्हणाली. "बाई एवढी बोलवती."

शनिवारचा खेळ

हॉलमध्ये माणसं फार नव्हती. मध्ये आई, तिच्या डाव्या हाताला मी, उजव्या हाताला सुनील. हनानबाई पुढच्या रांगेत. पडद्यावर भाषा अरबी, खाली अक्षरं इंग्रजी. म्हणजे आईला दोन्हीकडून सांगावं लागणार.

गोष्ट अशी. वाळवंटाच्या कडेचं एक गाव. पहिल्याच चित्रात बाप मेलेला. दारात एक जातं. बापाला दोन मुलगे, एक मुलगी. वाटणीला बसतात आणि वाटण्यासारखं तेवढं जातंच असतं. थोरला वरची तळी घेतो, धाकटा खालची, आणि बहिणीच्या हातात राहतो लाकडी खुंटा. थोरला पाठीला तळी बांधून शहराकडं चालायला लागतो. चालतो, चालतो. संगीत नाही, बोलणं नाही.

"अजून चालतोयच?" आई तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली.

"लांब आहे शहर," मी कुजबुजले.

"मग येष्टी न्हाई का त्येंच्यात?"

मागच्या रांगेतली एक गोरी बाई हसली. पुढं शहरात त्या तळीचं टेबल होतं, लोक त्यावर कॉफीचे पेले ठेवतात. धाकटा समुद्राकडं जातो, त्याच्या तळीचा नांगर होतो, होडीच्या टोकाला लटकलेला. बहीण खुंटा घेऊन घरोघर फिरते. प्रत्येक घरची बाई तिला आपल्या जात्याशी बसवते, पण खुंटा कुठल्याच भोकात बसत नाही. तिच्या घरात गव्हाची पोती तशीच पडून.

आई आता पुढं वाकून बघत होती. दगड तिचाच विषय. "वरची तळी एवढी पातळ ठिवतात व्हय? चार वर्सांत झिजंल," असं तिनं मध्येच पाथरवटाच्या बायकोचं मत दिलं.

मग बहीण शहरात भावाला शोधत येते. त्याच्या घरात, त्या टेबलाच्या दोन बाजूंना दोघं बसतात. मग भाऊ एक वाक्य बोलतो. खाली अक्षरं आली, 'हा दगड माझा आहे.' एवढीच.

"काय म्हनतोय त्यो?" आईनं उजवीकडं विचारलं.

सुनील पडद्याकडं बघत हळू म्हणाला, "म्हणतोय की, मी लांब आलोय. इथं कुणी ओळखत नाही. रात्री नाइट शिफ्टवरून आलो की घरात बापाचं काहीतरी दिसावं म्हणून आणला. चोरला नाही."

मी दचकले. पडद्यावरच्या माणसाला कसली नाइट शिफ्ट?

आता बहीण टेबलावर खुंटा ठेवते. अक्षरं आली, 'मी हा आणला आहे.'

"आन ती?" आई माझ्याकडं वळली.

"ती म्हणतेय..." मी पडद्यावरची नजर काढली नाही. "ती म्हणतेय, मागितला असतास तर मी स्वतः फडक्यात बांधून दिला असता. पण तू न सांगता नेलास, आणि आई त्या दिवशी पाट्यापुढं बसून राहिली. ते मी बघितलं. तू नाही बघितलंस."

"ही खोटं बोलतेय," सुनील म्हणाला, आणि मग लगेच, "म्हणजे, ती बहीण. त्याला विचारायचंच होतं. पण विचारलं असतं आणि नाही म्हणाली असती तर?"

"नाही कशाला म्हणेल? थोरली आहे ती."

"थोरली आहे म्हणूनच भीती वाटते, अक्का."

तीन वर्षांनी त्यानं मला अक्का म्हटलं, ते आईच्या पदरावरून. आईनं पडद्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, मग माझ्याकडं. पडद्यावर ते दोघं केव्हाचे गप्प बसले होते.

"आरं, त्या दोघांची तोंडं तर मिटलेली हायत," आई म्हणाली. "एवढं कोन बोलतंय?"

मागची गोरी बाई या वेळी "श्श" म्हणाली आणि आम्ही तिघंही शाळेतल्या पोरांसारखं सरळ बसलो. सुनीलनं खिशातून रुमाल काढला. आधी आपलं नाक पुसलं आणि मग तोच आईच्या मांडीवरून माझ्याकडं सरकवला. मी घेतला.

सिनेमाचा शेवट असा की पोत्यांतल्या गव्हाला मोड येतात. हिरवं वाढत वाढत सगळं घर भरतं आणि त्या हिरव्यात ती मुलगी खुंटा उशाला घेऊन झोपते. दिवे लागले.

"संपला?" आई म्हणाली. "ते भाऊ आले का न्हाईत मग? आन पानी कुठनं आलं गव्हाला?"

बाहेर कालव्याच्या कडेला चहा घेतला. कागदी पेल्यात एवढा की आमच्याकडं चौघांना पुरेल. हनानबाईंचे डोळे लाल होते. त्या म्हणाल्या, ते घर म्हणजे आमचा देश, आणि ते भाऊ म्हणजे जे हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडले ते. मग वळून सुनीलकडं बघत म्हणाल्या, "मी निघाले तेव्हा एवढी घाई होती की काहीच आणलं नाही. एक चमचासुद्धा नाही. तू दगड आणलास. चांगलं केलंस."

मी ते आईला मराठीत सांगितलं. या वेळी जसंच्या तसं, पदरचं काही न घालता. आईनं चहा खाली ठेवला, हनानबाईंचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग आम्हाला म्हणाली, "त्या पिच्चरमदी आई न्हवती. म्हनून झालं त्ये तसलं."

बारसं

रविवारी बारसं. भाड्याच्या घराच्या छताला आकडा मारायची परवानगी नाही, त्यामुळं पाळणा टांगायचा कुठं हा प्रश्न आला. शेवटी वेताची टोपली दोन साड्यांत बांधली आणि चार बायकांनी चार टोकं धरून झुलवली. प्राजक्ताच्या वॉर्डातल्या दोन नर्स, आयुष्य इथल्या हॉस्पिटलात काढलेल्या एक मराठी डॉक्टरीणबाई, आणि हनानबाई. हरभऱ्याच्या घुगऱ्या मी जतहून आणलेल्या हरभऱ्याच्या केल्या.

सकाळी सुनीलनं खिडकीतून वरवंटा काढला, धुतला आणि माझ्यापुढं ठेवला. "अक्का, बारसं झालं की तुझ्या बॅगेत ठेवतो. आईचा आहे."

मी काही बोलायच्या आत प्राजक्तानं त्याला बाळाची लोकरीची टोपी घातली. काळ्या दगडाला पिवळी टोपी. आई हसली तशी मी कित्येक महिन्यांत बघितली नव्हती. वरवंटा पाळण्याच्या वरून गेला, खालून आला आणि टोपलीत बसला. डॉक्टरीणबाईंची मुलगी इथंच वाढलेली, चांगली मोठी आर्किटेक्ट. ती म्हणाली, "आजी, पण बेबीच्या आधी ही स्टोन का?"

"दगुड झिजतो पर मोडत न्हाई, म्हनून," आई म्हणाली. "लेकरू तसं ऱ्हावं."

मग बाळाला टोपलीत घातलं. मी वाकले, कानाशी तोंड नेलं, 'कुर्रर्र' केलं, आणि रिवाजाप्रमाणं माझ्या पाठीत धपाटे पडले. डॉक्टरीणबाईंनी हात राखून मारला. हनानबाईंना कुणीतरी सांगितलं होतं की जोरात मारायचं असतं, त्यांनी मनापासून मारला. मी नाव सांगितलं. राधा. प्राजक्तानं चार नवी नावं काढून ठेवली होती, तरी म्हणाली, "आत्यानं ठेवलं ते ठेवलं."

सगळे जेवायला बसले तेव्हा वरवंटा टोपलीतच होता, बाळाच्या पायाशी. राधानं त्याला एक टाच लावली होती. सुनील उचलायला गेला तशी आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे."

"आई, तुला पाहिजे होता ना?"

"पायजे हुता. पर आता तिची टाच लागलीया त्येला. हितनं उचलून निऊ, आन मग तिकडं कुनाला घालू कुंची? मला पोर व्हनार हाय का आता?"

डॉक्टरीणबाई खो खो हसल्या. मी मात्र हसले नाही. "आणि पाटा?" मी विचारलं. "तो भिंतीलाच उभा ठेवणार जन्मभर?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "हत्यारं कुनाकडं हायत?"

"आपल्या घरात."

"कुनाला येत्यात चालवाय?"

सुनीलला येत नाहीत. त्याचे हात शाळेत आणि नंतर हॉस्पिटलात गेले. मी मात्र लहानपणी वडिलांजवळ बसून झिजून गुळगुळीत झालेले पाटे टाकवायचे. टाके मारायला बाईमाणूस चालायचं. नवा दगड घडवायला नाही, हा आमच्यातला कायदा. वडिलांनी तो कधी मोडला नाही. मीही मोडायचं मनात आणलं नव्हतं.

"बायकांनी घडवत नसतात, आई."

"बायका बी.ए. बी होत न्हवत्या," आई म्हणाली आणि घुगऱ्या खायला लागली.

जत

निघताना सुनील विमानतळावर आला. माझ्या बॅगेत त्यानं बिस्किटं, बाळाचे फोटो आणि आईसाठी गरम मोजे भरले होते. म्हणाला, "अक्का, जमलं नाही तर सांग, मी थोरल्याला घेऊन येतो." मी म्हणाले, "जमलं नाही तर दगड दुसरा आणीन, तुला कशाला सांगू?" हे आमचं जुनं बोलणं. ते परत आलं होतं.

घरी आल्यावर वस्तीमागच्या खाणीतून काळा दगड आणला. मी शिकवते ती शाळा सुटली की, वडील बसायचे तिथं लिंबाखाली मी बसायचे. पहिला दगड मधोमध फुटला. वस्तीवरचे म्हातारे येऊन बघायचे, मान हलवून जायचे. एक म्हणाला, "मास्तरीणबाई, पोरांना शिकवा, दगडाला नको." दुसरा दगड टोकाला उडाला. हाताला घट्टे पडले आणि वर्गात पोरं ते बघायला मागायची. सुनील दर रविवारी फोनवर विचारायचा, मी कॅमेरा दगडाकडं फिरवायचे, तो तिकडं राधेला आणि तिच्या पायाशी असलेल्या थोरल्याला दाखवायचा.

तिसरा दगड टिकला. आईनं पाटा भिंतीपासून काढला, धुतला, आडवा ठेवला. लसूण, मिरची, मीठ, शेंगदाणे घेतले. वरवंटा दोन्ही हातांनी धरून एकदा पुढं नेला, एकदा मागं.

"डावीकडं जाड हाय," म्हणाली, आणि वाटत राहिली.

चटणी झाली. भाकरीबरोबर खाल्ली. तिच्यात थोडी कच होती.

आमच्या भावकीतली पहिली पदवीधर मी. आणि दगडातून वरवंटा घडवणारी पहिली बाईही मीच.